विडीची चार कामं, आणि ती सोडायची कशी

(शिळफाटा इथल्या वाडी-प्रतिनिधींच्या बैठकीत आरोग्य गटाच्या वतीने केलेलं बोलणं. ज्या वाड्यांतून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने संध्याकाळी बसून बाकीच्यांना वाचून दाखवावं. मशेरीचा भाग बायांच्या बैठकीत वेगळा वाचावा.)



सकाळपासून आपण दळीच्या जमिनींवर बोलतोय. कोणाचा दावा ग्रामसभेत अडकला, कोणाचा तालुक्याला, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय याचा पुरावा कोणाकडे आहे, कोणाकडे नाही. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी झाली आणि आपल्यातले बरेच जण उठून रस्त्याकडेच्या टपरीवर गेले. परत आले तेव्हा एक काका आपल्या वाडीची माहिती सांगता सांगता थांबले. खोकल्याने छाती धरली आणि पोराला म्हणाले, "तूच सांग रे, मला नाय होत."

पोराने सांगितलं, पण त्याला अर्धंच माहीत होतं. कुठला बांध कोणाच्या आजाने घातला, कुठल्या साली गार्डाने उभी नाचणी उपटली, जुनी वाडी कुठे होती आणि का उठली, हे सगळं त्या काकांच्या डोक्यात आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत लिहिलंय की दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा जबाब लेखी घेतला तर तो पुरावा धरला जातो. आपल्याकडे कागद थोडे आणि वडीलधारी माणसंही थोडीच उरलीत. जो म्हातारा खोकून खोकून जातो, त्याच्याबरोबर आपल्या वाडीचा पुरावा जातो. म्हणून विडीचा विषय जमिनीच्या बैठकीत घेतला. तो बाजूचा विषय नाही.

आधी आमची कबुली

आम्ही इथे उपदेश करायला उभे नाही. गेली कितीतरी वर्षं आम्ही वाड्यांवर फिरतोय. रात्रीच्या बैठकीत बंडल पुढे करायची सवय आमचीच. विडी पुढे केली की माणूस जवळ येतो, बोलायला लागतो, असं आम्हाला वाटायचं. ज्या पोरांनी आमच्याबरोबर पहिला मोर्चा काढला, त्यातल्या काहींनी पहिली विडीही आमच्याच हातची ओढली. हा आमचा दोष आहे आणि तो आम्हीच सांगितला पाहिजे.

आमच्या आरोग्य गटात आम्ही पाच जण. त्यातले चौघे ओढणारे होते. तिघांनी सोडली. एकाची अजून चालू आहे, तो इथंच बसलाय आणि हसतोय. तोही बोलणार आहे, कारण सुटत का नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही.

दुसरी कबुली. मागे एका वाडीत आम्ही शपथ घ्यायला लावली आणि दंडाचा ठराव केला. विडी ओढली तर पन्नास रुपये. महिन्याच्या आत लोक ओहोळात जाऊन लपून ओढू लागले. दंड कोणी भरला नाही, पण भाऊ भावाची चुगली करायला लागला. आम्ही तो ठराव मागे घेतला. दंडाने सुटत नाही, लाज काढून तर मुळीच सुटत नाही. एवढं शिकलो.

ही वस्तू आपली नाही

काही जण म्हणतात, "आपला आजा-पणजा ओढायचा, ही आपली रीत हाय." खरं आहे. आपट्याच्या पानात तंबाखू वळून म्हातारी माणसं ओढायची, ते आम्हीही पाहिलंय. पान आपल्या जंगलातलं होतं. पण आतली तंबाखू आपली नव्हती. ती मूळची अमेरिका खंडातली. तिथल्या आदिवासींकडून ती गोऱ्यांनी घेतली आणि सुमारे चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी ती आपल्या देशात आणली. नाचणी, वरई, कडू कंद, करवंद आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

देवापुढे, पूर्वजांपुढे कोणी विडी ठेवत असेल, तर त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. ती ठेवा. आम्ही बोलतोय ते रोजच्या बंडलाबद्दल.

आणि एक सांगतो. विडी वळणाऱ्या बाईशी आपलं वैर नाही. सोलापुरात, सिन्नरला हजारो बाया पोटासाठी विड्या वळत आल्या. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायांनी ऐंशीच्या सालात संघटना बांधून मालकांशी लढा दिला. गडचिरोली, गोंदियाकडचे आपले आदिवासी भाऊ-बहिणी उन्हाळ्यात तेंदूपान तोडतात. तीही आपलीच माणसं, त्यांच्या छातीतही तीच धूळ जाते. त्यांना चांगलं काम मिळालं पाहिजे, पण त्यासाठी आपण आपली छाती जाळायची गरज नाही.

छातीच्या भात्यात काय होतं

विडी हलकी, सिगारेट कडक, असं आपण म्हणतो. उलटं आहे. विडीचं पान घट्ट असतं, ती सारखी विझते. विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. त्यामुळे विडीतून डांबर आणि विषारी वायू सिगारेटइतका किंवा जास्तच आत जातो. भारतातल्या मरणांची मोठी पाहणी २००८ साली छापून आली. तिच्यात दिसलं की विडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षं आधी मरतो आणि ओढणारी बाई आठ वर्षं आधी.

आपल्या वाड्यांवर सगळ्यात मोठा धोका टीबीचा. टीबीचे जंतू कितीतरी लोकांच्या अंगात झोपलेले असतात. छाती कमजोर झाली की उठतात. तमिळनाडूतला अभ्यास २००३ साली छापला गेला. त्यात टीबीने गेलेल्या पुरुषांतले साधारण निम्मे धूम्रपानामुळे गेले असं निघालं. झोपडी एक, दार एक, आत सहा माणसं. बाप ओढतो आणि धूर पोरं घेतात.

म्हणून हे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषधही फुकट. "विडीचा खोकला हाय" म्हणून घरी बसू नका. विडीचा आणि टीबीचा खोकला कानाने ओळखू येत नाही.

तंबाखू खाणाऱ्यांनी आपलं तोंड आपण बघायचं. उजेडात आरसा धरा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागलं की आग, किंवा आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर दाखवायला जा. सुरुवातीला दुखत नाही. दुखेपर्यंत थांबू नका.

पैशाचा हिशोब

तुमच्या वाडीत बंडल कितीला मिळतं ते तुम्हीच धरा. पाच रुपये धरलं आणि रोजचं एक बंडल, तर महिन्याला दीडशे आणि वर्षाला अठराशे पंचवीस. घरात दोन ओढणारे असतील तर छत्तीसशे पन्नास. काडेपेटी वेगळी.

हा झाला वाडीतला हिशोब. भट्टीवरचा वेगळा आहे. दसरा झाला की मुकादम उचल घेऊन येईल आणि आपल्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर, कोळशावर जातील. तिथे आठवड्याची खर्ची मिळते, आणि विडी-तंबाखू शेठ सांगेल त्या दुकानातून वहीवर मिळते. भाव विचारायचा नाही, वहीत काय लिहिलं ते वाचता येत नाही. जेठात हिशोब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. त्या वहीत विडीचे किती, हे कोणी कधी मोजलंय का? यंदा मोजा. आपल्या घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला वेगळी वही द्या. दर आठवड्याला विडी-तंबाखूचे किती ते तिने लिहायचं.

विडी चार कामं करते

आता मुद्द्यावर येतो. आम्ही बरीच माणसं बघितली. काहींची सुटली, काहींची नाही. मनाचा जोर कमी म्हणून सुटली नाही, असं आम्हाला दिसलं नाही. विडी आपल्या घरात राबते, चार कामं करते. तिला हाकलायचं तर ती कामं दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतात. नुसतं हाकललं तर कामं अडतात आणि चार दिवसांनी आपणच तिला बोलावतो.

पहिलं काम, भूक मारणं. एक आजी आम्हाला म्हणाली, "विडी सोडली तं भूक कशी मारू? तू देशील भाकर?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तंबाखूने भूक खरंच मरते. श्रावणात घरात दाणा नसतो तेव्हा विडी आणि काळा चहा यावर माणसं दिवस काढतात. म्हणून आम्ही सांगतो की उपाशी दिवसांत सोडायला घेऊ नका. नाचणी-वरई कापून घरात आली की घ्या. तेव्हा भूक वाढली तरी पोटात घालायला काहीतरी असतं. आणि भूक वाढणारच. ते आजारपण नाही, अंग परत जागं होतंय.

दुसरं काम, विसावा. भट्टीवर नुसतं बसलात तर मुकादम ओरडतो. विडी पेटवून बसलात तर तो काही बोलत नाही. म्हणजे बसायची परवानगी माणसाला नाही, विडीला आहे. ज्याची अजून सुटली नाही तो आमचा साथी हेच सांगतो, "मला विडी नको असते रे, मला बसायचं असतं." याचं उत्तर एकट्याने मिळत नाही. टोळीने मिळून ठरवायचं की दर दोन तासांनी सगळे पाणी प्यायला बसणार, ओढणारे आणि न ओढणारेही. उचल घेतानाच मुकादमाला हे सांगा. विसावा हा कामगाराचा हक्क आहे, तो धुराच्या भाड्याने घ्यायला लागू नये.

तिसरं काम, सोबत. पाहुणा आला, विडी. भांडण मिटलं, विडी. मयतीला बसलो, विडी. एकाच काडीवर तिघांच्या विड्या पेटतात, त्यात माया आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण पाहुण्याला पाणी-गूळ दिला तरी मान राहतो. आजपासून संघटनेच्या बैठकीत बंडल फिरणार नाही. कोरा चहा फिरेल. ज्याला ओढायची आहे त्याने बाहेर, पोरांपासून लांब जाऊन ओढावी आणि परत यावं. त्याला कोणी टोकणार नाही.

चौथं काम, जागं ठेवणं. विटा पाडायला रात्री दोन-तीनला उठावं लागतं. रात्री शेताच्या माळ्यावर डुकरं हाकायला बसावं लागतं. डोळे मिटतात, विडी उघडते. इथे गार पाणी तोंडावर, ओव्याचा दाणा दाताखाली, आणि दोघांनी आळीपाळीने जागणं. माळ्यावर एकटा बसलेला माणूस जास्त ओढतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

सोडायची कशी

यातलं आम्ही स्वतः केलंय किंवा करताना बघितलंय, तेवढंच सांगतो.

एक. आधी तीन दिवस काही सोडू नका, फक्त मोजा. लिहिता येत नसेल तर खिशात किंवा पदराला खडे ठेवा. खरी तलफ आली म्हणून ओढली तर काळा खडा. कोणीतरी पुढे केली, हात रिकामा होता, बसायचं होतं म्हणून ओढली तर पांढरा. रात्री दोन्ही ढीग बघा. आमचे पांढरे खडेच जास्त निघाले. पांढऱ्या खड्यांच्या विड्या आधी जातात, त्यांना फार त्रास होत नाही.

दोन. दिवस ठरवा. लग्नाचा, हळदीचा, बाजाराचा नको. भट्टीवर पोचल्याचा पहिला आठवडा नको. घरात दाणा असलेला, साधा कामाचा दिवस बरा. काही जण एका दिवसात बंद करतात, काहींना पंधरा दिवस थोडं थोडं कमी करणं जमतं. दोन्ही चालतं. पण शेवटचा दिवस ठरलेला पाहिजे. "हळूहळू बघू" म्हणणाऱ्याची सुटलेली आम्ही पाहिली नाही.

तीन. जोडीदार घ्या. एकट्याने सोडू नका. एका वाडीत दोघे-तिघे मिळून एकाच दिवशी सोडा. नवरा-बायको असतील तर फार बरं. रोज संध्याकाळी एकमेकांना फक्त एवढंच विचारायचं, "आज कसं गेलं?" खोटं बोलू नका आणि खरं सांगणाऱ्यावर चिडू नका.

चार. आदल्या रात्री घरातलं बंडल, डबी, काडेपेटी बाहेर काढा. चुलीची काडेपेटी घरच्या बाईकडे राहू दे, आपल्या खिशात नको. टपरीची वाट चुकवता येत असेल तर चुकवा.

पाच. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, हात थरथरतात, पोट जड होतं. घरच्यांनी हे आधीच समजून घ्या आणि त्या दिवसांत भांडण उकरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो, मग उतरायला लागतं. दोन ते चार आठवड्यांत अंग शांत होतं. काहींना सुरुवातीला खोकला वाढतो, कफ पडतो. छाती साफ होत असते. तो थांबला नाही तर मात्र थुंकी तपासा.

सहा. तलफ येते आणि जाते, विडी ओढली काय आणि नाही ओढली काय. पाच-दहा मिनिटं धरायची असतात. घोट घोट पाणी प्या. पोटापर्यंत लांब श्वास घ्या आणि सावकाश सोडा. जागेवरून उठा. हाताला काम द्या, दोरी वळा, मासळीचं जाळं दुरुस्त करा, काठी तासा. हात रिकामा राहिला की तो खिशाकडे जातो.

सात. तोंडाला काम द्या. सुकवलेल्या आवळ्याची फोड, भाजलेला चिंचोका, बडीशेप, ओवा, भाजलेले चणे, हिरड्याचा तुकडा. डबी तीच ठेवा, आत तंबाखूच्या जागी हे भरा. तंबाखू मळणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो, कारण त्यांच्या हाताला डबी उघडायची सवय असते.

आठ. विडी सोडून गुटख्याची पुडी धरू नका. ते आगीतून फुफाट्यात पडणं आहे. मशेरीकडेही वळू नका.

नऊ. दारू-ताडी आणि विडी या बहिणी आहेत. प्यायला बसलात की विडी आपोआप हातात येते. निदान पहिला महिना त्या बैठकीपासून लांब राहा.

दहा. शहरात औषधाच्या दुकानात तलफ भागवायचं च्युइंगम मिळतं. डॉक्टरांना विचारून घेता येतं, पण महाग आहे. ते नसलं म्हणून सुटत नाही असं अजिबात नाही. आमच्या तिघांपैकी कोणी ते खाल्लं नाही.

बायांसाठी, मशेरीबद्दल

पुरुषांच्या विडीवर सगळे बोलतात, मशेरीवर कोणी बोलत नाही, कारण तिचा धूर दिसत नाही. तव्यावर तंबाखू भाजून काळी केली म्हणून ती तंबाखू राहत नाही असं नाही. हिरडीतून ती सरळ रक्तात जाते. गरोदर बाईने लावली तर पोटातल्या बाळाला पोचते, बाळ वजनाने कमी भरतं, कधी पोटातच जातं. पोराचा दात दुखतो म्हणून मशेरी लावू नका. पोराला चटक तिथूनच लागते.

बाया आम्हाला सांगतात, "लावल्याबिगर परसाकडं होत नाय." खरं आहे, शरीराला तशी सवय लागते. मग सकाळी उठल्यावर आधी तांब्याभर कोमट पाणी प्या, थोडं चाला, जेवणात पालेभाजी वाढवा. आठ-दहा दिवस त्रास होईल, मग पोट स्वतःहून लागेल. दातांना करंजाची किंवा कडुनिंबाची काडी आणि मीठ. दिवसातून चार वेळा लावत असाल तर आधी दुपारची बंद करा, मग रात्रीची. सकाळची सगळ्यात शेवटी जाते, तीच सगळ्यात चिवट.

दुसरी गोष्ट बाया सांगतात ती ही की मशेरी लावायला बसलं की तेवढा वेळ सासू-नवरा कोणी काम सांगत नाही. म्हणजे इथेही तोच विसावा. भावांनो, हे तुम्ही ऐका. बाईला दिवसातून दोन वेळा नुसतं बसायला मिळालं पाहिजे.

जंगल आणि काडी

आता शेवटचा मुद्दा, आणि तो परत जमिनीकडे जातो. दर उन्हाळ्यात डोंगर पेटतो आणि नाव आपलं येतं. "आदिवासी वणवा लावतात" हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. वणव्याची कारणं बरीच असतात. पण फाल्गुन-चैत्रात वाळल्या गवतात जळतं थोटूक टाकणारा आपल्यातला असेल, तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार? १९२७ च्या वन कायद्यात जंगलात आग लावणं गुन्हा आहेच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपला २००६ चा कायदा. त्याच्या कलम ५ मध्ये जंगल आणि जंगलातले जीव राखायचा अधिकार आणि जबाबदारी ग्रामसभेला दिली आहे. राखणदार आम्ही, असं सांगायचं असेल तर राखणदाराच्या खिशातली काडी आधी निघाली पाहिजे. होळी ते पहिला पाऊस, जंगलात जाताना विडी-काडी न्यायची नाही, हा ठराव तरी प्रत्येक ग्रामसभेने करावा. ज्याची सुटली नाही त्यालाही तो पाळता येईल.

कायद्याचं आणखी थोडं. २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या पोराला विडी-तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकता येत नाही. सार्वजनिक जागी ओढायलाही बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. ३१ मे २००९ पासून विडीच्या बंडलावर फुप्फुसाचं आणि तंबाखूच्या पुडीवर विंचवाचं चित्र आलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "विंचू तं शेपटीनं मारतो, हा पुडीतला कुठनं मारतो?" तोंडातनं मारतो, बाबा, आणि हळू मारतो.

पोराला बंडल आणायला दुकानात पाठवू नका, एवढं तर आजपासून होऊ शकतं. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली पोरं आपल्याकडे बघतात. त्यांची पहिली विडी बहुतेक वेळा बापाच्याच खिशातली असते.

घसरलात तर

घसराल. आमच्या तिघांपैकी दोघे घसरले होते. एक जण मामाच्या मयतीला, एक जण भट्टीवर. आधी वाटलं, झालं, संपलं, आता ओढतच राहू. तसं करू नका. दावा फेटाळला म्हणून आपण घरी बसतो का? साठ दिवसांच्या आत वर अपील करतो, राहिलेला पुरावा जोडतो. इथेही तसंच. कशामुळे घसरलो ते बघायचं, त्या दिवशी विडीने चारपैकी कुठलं काम केलं ते शोधायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत सुरू. एक विडी ओढली म्हणजे एकच विडी ओढली, बंडल विकत घेतलं नाही तोवर काही बिघडत नाही.

ज्याचं वय झालंय त्याने म्हणू नये की आता सोडून काय उपयोग. सोडल्यावर एका दिवसात रक्तातला विषारी वायू उतरतो. काही आठवड्यांत चढ चढताना फरक कळतो. वर्षभरात हृदयाचा धोका निम्म्यावर येतो. दोन वर्षं जास्त जगलात आणि वनहक्क समितीपुढे उभं राहून धड बोलू शकलात, तर तुमच्या नातवाची जमीन त्यावर उभी राहील.

आता प्रत्येक वाडीने तीन गोष्टी ठरवून जायचं. एक, बैठकीत विडी नाही. दोन, होळी ते पाऊस जंगलात काडी नाही. तीन, नाचणी घरात आली की निदान दोघांची जोडी सोडायला घेईल. कोण घेणार त्याची नावं आम्ही लिहून घेणार नाही, दंडही नाही. पुढच्या बैठकीला तुमच्यातलं कोणी उठून सांगितलं की माझी सुटली, तर ऐकू. सुटली नाही असं सांगितलं तरी ऐकू, आणि का नाही ते विचारू.

आणि काका, तुमच्या वाडीची माहिती आज अर्धी राहिली. चहा होऊ द्या, मग बसून सावकाश सांगा. आम्ही लिहून घेतो.

जिंदाबाद!